सुतकातली नवी गाडी

गाडीचे कागद माझ्या नावावर झाले आणि त्याच दुपारी डोळखांबकडून फोन आला. सासऱ्यांचे चुलतभाऊ गेले. मार्च संपायला तीन दिवस उरले होते. शोरूममध्ये बॉनेटला लाल फीत बांधलेली, माझ्या हातात पुठ्ठ्याची भलीमोठी चावी, आणि मी फोटोसाठी हसत असताना नवरा फोन कानाला लावून माझ्याकडे नुसता बघत राहिला. खरं सांगते, पहिला विचार गेलेल्या माणसाचा आलाच नाही. सुतक कुठल्या तारखेला फिटतं, हे मी बोटांवर मोजायला लागले होते.

शहापुरात माझी रक्त तपासायची लहानशी लॅब आहे. पाड्यांवरून नमुने आणायला इतकी वर्षं मी स्कूटीच फिरवली, बर्फाचा डबा पायांत धरून. त्या वर्षी काम चांगलं झालं आणि करही तसाच अंगावर आला. सीए म्हणाले, गाडी घ्यायचीच आहे तर वर्ष संपायच्या आत घ्या, घसारा मिळेल, तेवढा कर वाचेल. पण नुसती घेऊन भागणार नव्हतं.

"एकतीस तारखेच्या आत लॅबच्या कामाला फिरली पाहिजे, मॅडम. झाकून ठेवलीत तर यंदाचं विसरा," सीएंनी बजावलं.

पहिले हप्ते मी त्या वाचणाऱ्या पैशांच्या भरवशावर धरले होते. दुसरी सोय नव्हती.

इकडे सासूबाईंनी एकाच वाक्यात निकाल लावला. "सुतकात नवं वाहन दारात आनायचं नाय गो. पूजा नाय, नारळ नाय, तं कामालापन जुपायचं नाय."

शोरूमच्या ड्रायव्हरने गाडी लॅबसमोर आणून लावली, त्याला त्यांची हरकत नव्हती. नारळ फुटेपर्यंत ती त्यांच्या हिशेबी शोरूमचीच होती. मी भटजींना फोन केला. ते म्हणाले, पूजा नंतर करा, चालवायला काही अडचण नाही. हे घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "भटजीचं तंगडं मोडलंय का कवा?"

तंगडं मोडलं होतं ते सासऱ्यांचं. तरुणपणी सासऱ्यांनी टेम्पो घेतला होता. भाऊकीत सुतक असताना धसईच्या बाजारातला भाजीपाला नासेल म्हणून पूजेआधीच बाहेर काढला, आणि मुरबाडच्या पुढे वळणावर उलटला. सासरे अजून पाय ओढत चालतात. टायर जुने होते, हे त्यांनी स्वतःच मला सांगितलंय. सासूबाईंना मात्र टायर आठवत नाहीत, सुतक आठवतं. नवरा आईला म्हणायचा "बरोबर आहे तुझं" आणि मला म्हणायचा "बघ तुला काय वाटतं ते". अशा माणसाचा राग तरी किती करायचा!

एकतीसच्या सकाळी मी घरी काही न बोलता स्कूटीवरून लॅबला आले. मी दिवसभर साखर आणि हिमोग्लोबिन मोजणारी बाई, पण गाडीवरचं कापड अर्धं काढून मी थांबले. त्यांचं ऐकलं नाही आणि खरंच काही झालं तर? ही भीती कुठल्या रिपोर्टमध्ये येत नाही, पण मला ती होती.

तेवढ्यात समोर टमटम थांबली आणि सासूबाई उतरल्या. आता रस्त्यात तमाशा होणार, असं मी धरून चालले. त्या सरळ गाडीच्या पलीकडे गेल्या.

"दार उघड."

"आई, तुम्ही कशाला?"

"जायाचीच हायेस ना तू? मंग काय व्हायचं तं मला घेऊन होऊ दे. एकटी नको जाऊ."

बर्फाचा डबा त्यांनी मांडीवर घेतला आणि दुसऱ्या हाताने खिडकीवरची कडी धरली. डोळखांबपर्यंत ती सोडली नाही. मी तीसच्या वर गेले नाही. मागून येणारे बाइकवाले हॉर्न मारून, वळून बघून पुढे जात होते. वळण आलं की सासूबाईंचे ओठ हलायचे आणि मी वेग आणखी कमी करायचे. मी तीन पाड्यांवर नमुने घेतले. त्या गाडीतून उतरल्या नाहीत.

परतताना सीएंचा फोन आला. फिरली, म्हटलं.

"झालं त्यांचं काम?" सासूबाईंनी विचारलं.

"झालं."

"मंग आता सुतक फिटंस्तवर हात नको लावू."

आमचं घर आटगावच्या अलीकडे, हायवेच्या फाट्यापासून आत चालत पंधरा मिनिटांवर. गाडी मी आत वळवायला लागले तर त्यांनी थांबवली. सुतकात ती दारात न्यायची नव्हती. भर उन्हात उतरल्या. कडी धरलेला हात त्यांना नीट उघडता येत नव्हता. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

"पोचलीस का फोन कर," एवढंच म्हणाल्या.

लॅबला पोचायला मला अर्धा तास लागला. नमुने फ्रिजमध्ये ठेवले आणि फोन केला. पहिल्याच रिंगला उचलला. मागून हायवेच्या ट्रकांचे आवाज येत होते.

"आई, अजून फाट्यावरच?"

"तुझा फोन यायचा होता ना," त्या म्हणाल्या. "जाते आता."