सरांनी उतरवलेला मुखवटा

वरच्या मजल्यावरच्या सरांनी मला फसवलं. पैशासाठी नाही, एका इंग्रजी शब्दासाठी! तीस वर्षं मी जुन्या यंत्रांचा धंदा करतो. भल्याभल्या भंगारवाल्यांना जे जमलं नाही, ते या निवृत्त तंजावरी मास्तरांनी केलं.

शब्दांचं मूळ सांगायचा असा हव्यास अख्ख्या अण्णा नगरात दुसऱ्या कुणाला नसेल. लिफ्ट बंद पडली, तर आत अडकलेल्यांना सर 'लिफ्ट' शब्दाचा उगम सांगतात. दात काढतानाही डॉक्टरचा हात बाजूला सारून त्यांनी 'डेंटिस्ट' फोडून दाखवला होता. तरी सौद्याला मी त्यांनाच नेतो, कारण पांढऱ्या केसांचा वचक असतो. त्यांचं काम एकच: मी कान खाजवला की कंटाळून म्हणायचं, "चला, ऊन वाढलं." जोडीदार उठला की भाव उतरतो.

गेल्या आठवड्यात आम्ही आवडी नावाच्या उपनगरात एका बंद वर्कशॉपमध्ये गेलो. ज्या लेथ मशीनवर मी पोरवयात काम शिकलो, तेच तिथे विकायला होतं. छातीत धडधडत होतं, पण तोंड वाकडं करून म्हणालो, "गंजलंय. भंगाराच्या भावात दिलं तर बघू." मालक नरमला. मी कान खाजवला.

"अय्यो, काय सुरेख!" सर मालकाकडे वळून तमिळमध्ये सुरू झाले. "ग्रीकांच्या नाटकात मुखवटा लावून बोलणारा नट असे, त्याला म्हणत हिपोक्रितेस. त्यावरूनच इंग्रजीतला हिपोक्रिट. ढोंगी हा अर्थ मागाहून आला. हे पाहा, जिवंत नट! वर तुच्छता, आत डोळ्यांत पाणी. या मशीनसाठी हे रात्रभर झोपले नाहीत हो!"

मालक हसला. "मग भंगाराचा भाव कशाला, सार?" आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला बोलवायला निघून गेला.

रस्त्यावर मी कडाडलो, "सर, माझं वाटोळं केलंत!"

"चाळीस वर्षं फळ्यावर लिहिला तो शब्द," सर हळूच म्हणाले. "डोळ्यांनी आजच पाहिला. राहवलं नाही की."

तेव्हापासून ते जिन्यात माझी चाहूल लागली की दार लोटून घेतात. संध्याकाळी त्यांच्याशिवाय करमत नाही, हेही खरं. पण म्हणून सोडणार नाही. ज्या मशीनने मला माणसात आणलं, ते उद्या कुणी तोडून वितळवलं, तर जबाब कोण देणार? सर, दार उघडा आणि सांगा!