धोंडीचा बेडूक

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मृग कोरडा गेला आणि नागपूरबाहेर वाडीत, ट्रकांच्या धुळीत राहणाऱ्या आमच्या गल्लीला धोंडी काढायची आठवण झाली. मुसळाला बेडूक उलटा बांधायचा, कडुनिंबाचा पाला लावायचा, दारोदार न्यायचा आणि घराघरानं त्याच्यावर पाणी ओतायचं. मग देवाला पाझर फुटतो म्हणे. पण विहिरी आटलेल्या, बेडूक आणायचा कुठून?

आमच्या नहाणीतून! तिथे झाडावरचा एक बेडूक राहायचा. त्याचे भाऊबंद डोंगरातल्या रानांत फांद्यांवर बसत असतील. हा आमच्या ओल्या भिंतीला चिकट बोटं लावून दिवसभर डोळे मिटून असायचा. लग्न होऊन आले तेव्हापासून त्या घरात माझ्या चुका न काढणारा तो एकटाच.

मी दळण घेऊन आले तर भिंत रिकामी. सासूबाईंनी तो देऊन टाकला होता.

“पुन्याचं काम हाये वं. बेडूकच त हाये, काहून एवढी तणतणून राहिली?”

पुण्य! मी तशीच उन्हात धावले. गल्लीच्या टोकाला बायकांना गाठलं, तर मुसळावर तो पार सुकलेला. प्रत्येकीनं हळदकुंकू वाहिलं होतं, हात जोडले होते. पाणी मात्र टंचाई म्हणून चार बोटांनी शिंपडलं होतं. देवाकडे आभाळभर मागायचं आणि आपला तांब्या काही कलता करायचा नाही!

समोरच्या ओसरीवरची कळशी मी उचलली आणि त्याच्यावर उपडी केली.

“अवं, प्याचं पानी होतं न ते!” त्या घरची बाई ओरडली.

“मंग तो काय ऊन पिऊन राहिला होता?”

दोरा सोडून मी त्याला तळहातावर घेतलं. बोटं चिकटलीच नाहीत.

पाऊस आला नाही. आठवड्यानं सार्वजनिक नळावर बायकांनी निकाल लावला, “झाडावरचा होता न, म्हनून पावला नाही. चिखलातला पायजे होता.” सासूबाईंनीही मान डोलावली. जीव गेला त्याचा, आणि वर खोटही त्याच्यातच!

मी बादली घेऊन घरी आले आणि तांब्याभर पाणी नहाणीच्या भिंतीवर ओतलं.

“पानी काहून सांडून राहिली?” सासूबाई कडाडल्या.

मी दुसरा तांब्या भरला.