बुवाची कोरडी आंघोळ

वडनेर भोलजीच्या शाळामास्तरांची वासंती लहानपणापासूनच तशी. काही कर म्हटलं तर मुकाट्यानं करायची, पण काही करू नको म्हटलं की विचारायची, "काऊन?" त्या 'काऊन'ला धड उत्तर मिळालं तर विषय संपला. नाही मिळालं तर ब्रह्मदेव खाली उतरला तरी पोरगी जागची हलायची नाही. मास्तर म्हणायचे, "आमच्या घरी मुलगी नाही, वकील जन्माला आला." आता असली पोर कडक सोवळ्याच्या घरात द्यावी का? पण दिली. पत्रिका जुळली, मुलगा सरकारी कचेरीत कारकून होता, आणि मास्तरांच्या मागे आणखी दोघी उजवायच्या होत्या.

महाराष्ट्र राज्य होऊन चारेक वर्षं झाली होती तेव्हा. वासंती बुलडाण्याला नांदायला आली. घरात माणसं तीन. सासरे नारायणराव भिक्षुकी करायचे. मऊ माणूस, सुपारी कातरत बसला की जग विसरायचा. नवरा सुधाकर बापाहून मऊ. आणि या दोन्ही मऊपणांची कसर भरून काढायला सासूबाई, सत्यभामाबाई. त्यांचं सोवळं असं की शेजारणीची सावली ओट्यावर पडली तरी त्या पाय आखडून घ्यायच्या.

दर महिन्याला वासंती तीन दिवस मागच्या पडवीत बसायची. एक तरट, एक कांबळं, एक तांब्या आणि वेगळं ताट. जेवण लांबून सरकवलं जायचं. आता हे घरोघरी होतं, माहेरीही होतंच. पण माहेरी आई पडवीशी येऊन गप्पा तरी मारायची. इथं कुणी बोलायचं नाही. बोलायचं ते गल्लीनं. लग्नाला पाच वर्षं होऊन गेली, कूस उजवली नाही, आणि दर महिन्याला पडवीतलं ते तरट म्हणजे सगळ्या गल्लीला दवंडी. पाणी भरायला जाणाऱ्या बाया कुंपणावरून डोकावत आणि 'अरेरे' करत. वासंतीला त्या 'अरेरे'ची भयंकर चीड होती.

अशात एक दिवस सुधाकरनं सायकलच्या कॅरियरवर खोकं बांधून आणलं. त्याच्या साहेबांची कोकणात बदली झाली होती आणि त्यांच्या मुलांचा ससा एवढ्या लांब नेणं जमत नव्हतं. साधा पांढरा ससा नव्हे. चिंचिला जातीचा, राखेच्या रंगाचा, लव इतकी दाट की फुंकर मारली तरी आतलं कातडं दिसेना. अंगभर राख फासल्यासारखा तो रंग पाहून वासंतीनं त्याचं नाव ठेवलं बुवा. साहेबांच्या बायकोनं एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा बजावून पाठवली होती. याला पाणी लावायचं नाही. लवेत शिरलेलं पाणी दिवसभर निघत नाही आणि गारठून जीव जातो. कोरड्या बारीक धुळीत लोळू द्यावं, तीच त्याची आंघोळ.

वासंतीनं विचारलं "काऊन" आणि उत्तर मिळालं, म्हणजे झालं. ती बुवाच्या सेवेला लागली. सकाळी हरभऱ्याचा पाला, दुपारी गाजराचे शेंडे आणि कोथिंबिरीच्या काड्या. दात वाढू नयेत म्हणून कुरतडायला बोरीची फांदी, काटे काढून. ऊन तापलं की खोक्यावर ओलं पोतं आणि आत फुटक्या माठाचं गार खापर, बसायला. आणि धूळ. संध्याकाळी गाई रानातून परतायच्या त्या वाटेवरचा फुफाटा ती सुपात भरून आणायची, उन्हात खडखडीत वाळवायची आणि जुन्या लुगड्याच्या पदरातून पिठासारखा गाळून घ्यायची. गाई वळणारी चांगुणा हे पाहून कमरेवर हात ठेवून उभी राहिली होती.

"बाई, आमी धूळ झटकू झटकू मरून राह्यलो, अन् तुमी सुपानं घरी नेता?"

"पाहुण्याले आंघोळ घालायची हाय," वासंती म्हणाली. चांगुणाशी बोलताना ती माहेरच्या बोलीत शिरायची.

घमेल्यात चार ओंजळी धूळ टाकली की बुवा आधी मिशा हलवून हुंगायचा, पुढच्या पायांनी उकरायचा आणि मग एकदम कुशीवर आडवा. या कुशीवरून त्या कुशीवर, पाय वर, पोट वर, सगळी पडवी धुरळ्यानं भरायची. मग अंग झाडून तो वासंतीच्या मांडीवर येऊन बसायचा आणि ती आपल्या फणीनं त्याची लव विंचरायची. हाताला इतकं मऊ लागायचं की तिला कधीकधी रडू यायचं. लेकरू नाही म्हणून ससा धरला, असं गल्ली म्हणायची. म्हणो बापडी. ससा पाळायला लेकरू नसावं लागतं, असं कुठं लिहिलंय?

आणि तीन दिवस ती पडवीत बसली की सगळ्या घरात एकटा बुवा तिच्याजवळ यायचा. त्याला कुणी शिकवलं नव्हतं ना. यायचा, मांडीवर बसायचा, कंटाळा आला की टुणटुण उड्या मारत स्वयंपाकघरात जायचा. इथंच पेटलं. पहिल्याच महिन्यात सासूबाईंनी ते पाहिलं.

"विटाळशीला शिवून आला आणि चुलीपाशी बसला मेला," म्हणत त्यांनी बुवाला कानांना धरलं आणि न्हाणीत नेऊन वर दोन तांबे ओतले. वासंती पडवीतून ओरडली तोवर झालं होतं ते झालं होतं. दिवस आषाढाचे, घरात धुण्याचं फडकं वाळेना, तर ससा कुठून वाळणार? तो थरथर कापायला लागला, कान बर्फासारखे गार पडले, पाला तोंडाला लावेना. वासंतीनं त्याला आपल्या कांबळ्यात गुंडाळून पोटाशी धरलं आणि तीन दिवस जवळजवळ झोपली नाही. चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतल्याबरोबर त्याला ढोरांच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर शेषराव म्हशी-बैलांचे डॉक्टर, पण माणूस भला. छातीला कान लावून म्हणाले, "या खेपेला निभावलं. छातीत सर्दी बसली आहे. पुन्हा असा भिजला तर वाचणार नाही, बाई. मग माझ्याकडे आणू नका."

घरी येऊन वासंतीनं हे शब्दाला शब्द सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "मग तो तुला शिवणार नाही असं बघ. शिवला तर आंघोळ चुकत नाही. या घरात कुणालाच चुकली नाही."

"का पण?"

"का म्हणजे? शास्त्र आहे."

शास्त्र म्हटल्यावर वासंती सरळ सासऱ्यांपुढे जाऊन बसली. "मामंजी, शास्त्रात आंघोळ पाण्याचीच सांगितली आहे का?"

नारायणरावांना घरात शास्त्र कुणी कधी विचारलंच नव्हतं. ते खुलले. अडकित्ता खाली ठेवून म्हणाले, "छे छे. स्नानं सात प्रकारची आहेत. पाण्याचं एक, मातीचं एक, भस्माचं, मंत्राचं, उन्हात पाऊस पडतो त्याचं, नुसतं मनानं करायचं, आणि वायव्य स्नान, म्हणजे गाईंच्या खुरांची धूळ अंगावर..." इथं त्यांच्या ध्यानात आलं की आपण कुठं येऊन पोहोचलो. त्यांनी पुन्हा अडकित्ता उचलला.

"ससा काय मुंज झालेला बटू आहे, त्याला शास्त्र लावायला?" सासूबाई आतून म्हणाल्या.

"मग विटाळ तरी त्याला कसा लागतो?" वासंतीनं विचारलं. "विटाळाला शास्त्र लागू, आणि आंघोळीला नाही? हा कुठला न्याय?"

नारायणराव हळूच म्हणाले, "चालतं हो धुळीचं. चालायला हरकत नाही." नवऱ्याच्या तोंडून शास्त्र निघाल्यावर सासूबाईंना ओठ मिटून घ्यावे लागले. तेव्हापासून दर महिन्याला चौथ्या दिवशी न्हाणीत वासंतीची आंघोळ आणि पडवीत बुवाची गोरजाची, असं सुरू झालं. पाच महिने निभावले. पण सासूबाई विसरल्या नव्हत्या. हरणं त्यांना ठाऊकच नव्हतं, त्यामुळे विसरायचं कसं, हेही नव्हतं.

पौषात आजेसासऱ्यांचं श्राद्ध आलं आणि नेमकं आदल्या दिवशी वासंतीला बाहेर बसावं लागलं. सासूबाईंनी पडवीच्या उंबऱ्याशी उभं राहून सांगितलं, "उद्या घरात ब्राह्मण जेवणार आहेत. तो प्राणी आत आला तर मी सात स्नानं ऐकणार नाही. घागरभर पाणी घालीन. सांगून ठेवते."

वासंतीनं बुवाला सुतळीनं खोक्याला बांधलं. पण ज्याला बोरीची फांदी रोज पुरत नाही त्याला सुतळी किती पुरणार? बुलडाण्याची पौषातली सकाळ, घाटावरचं वारं असं की दात वाजत होते. वासंती कांबळ्यात तोंड खुपसून पडली होती आणि आतून सासूबाईंचा आवाज आला. तिनं पाहिलं तर खोक्यापाशी सुतळीचं टोक नुसतं पडलेलं.

बुवा कोथिंबिरीच्या वासानं सोवळ्यातल्या स्वयंपाकात शिरला होता. सासूबाई त्याला कानांना धरून न्हाणीकडे निघाल्या. तो पाय झाडत होता. न्हाणीत रात्रभर भरून ठेवलेली तांब्याची घागर होती, पाणी असं की बोट घातलं तर बोट सुन्न व्हावं. नारायणराव ब्राह्मणांना आणायला गेलेले. सुधाकर दाराशी उभा होता आणि म्हणत होता, "आई, राहू दे न. आई, ऐक न." बिचारा. त्याचं ऐकण्याची घरात कुणाला सवयच नव्हती.

"सासूबाई, त्याला खाली ठेवा," वासंती पडवीतून म्हणाली. "मरेल तो. डॉक्टरांनी सांगितलंय."

"मरू दे. ससाच आहे. तू तिथंच थांब."

वासंती म्हणाली, "काऊन?"

सासूबाईंनी उत्तर दिलं नाही. त्यांनी बुवाला न्हाणीच्या दगडावर एका हातानं दाबून धरलं आणि दुसरा हात घागरीच्या काठाला घातला. दगडावर ते राखी अंग श्वासानं वरखाली होत होतं, आणि वासंतीला एवढं कळलं की हे पाणी पडलं की संपलं, आणि उद्यापासून या पडवीत आपल्याजवळ यायला जगात कुणी उरणार नाही. तिला कुणाचं भय वाटलं नाही. संताप आला, पाच वर्षांचा साठलेला, एकाच वेळी. ती उठली. पडवीचा उंबरा ओलांडला, मधलं अंगण ओलांडलं, तुळशीच्या शेजारून गेली. सुधाकर भिंतीला चिकटून बाजूला झाला. तिनं न्हाणीत जाऊन सासूबाईंचं घागरीवरचं मनगट आपल्या हातात धरलं.

सत्यभामाबाईंना आयुष्यात असं कुणी धरलं नव्हतं. त्यांनी एकदा मनगटाकडे पाहिलं, एकदा अंगावरच्या सोवळ्याच्या लुगड्याकडे पाहिलं आणि बुवावरचा त्यांचा हात आपोआप सुटला. वासंतीनं त्याला उचलून कडेवर घेतलं. मग घागर थोडी पुढे सरकवली आणि अगदी शांतपणे, माहेरच्या बोलीत म्हणाली, "आता हे पाणी तुमालेच लागन, सासूबाई."

आणि लागलंच. चुलीवरचं सगळं बाद, उन्हं वर आलेली, ब्राह्मण येऊन ओट्यावर बसलेले, पाणी तापवायला वेळ कुठला? त्या घागरीतल्या पाण्यानंच त्यांनी दात आवळून आंघोळ केली आणि नव्यानं पुरणापासून सगळा स्वयंपाक केला. ब्राह्मण अडीचला पानावर बसले. नारायणरावांना सुधाकरनं काय ते सांगितलं असावं, कारण ते दिवसभर सुनेच्या नजरेला नजर देत नव्हते. पण कावळ्यासाठी ठेवलेला घास कावळ्यानं ताबडतोब नेला, तेव्हा ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वडील नाराज दिसत नाहीत." सासूबाई महिनाभर सुनेशी बोलल्या नाहीत.

पुढच्या महिन्यात बाहेर बसायचा दिवस आला. वासंतीनं सकाळी पडवीतलं तरट उचलून झटकलं, घडी घालून माळ्यावर टाकलं, डोक्यावरून पाणी घेतलं आणि चूल पेटवली. बुवा पायात घोटाळत होता. सुधाकर आला, पाटावर बसला आणि जेवून कचेरीत गेला. नारायणराव आले, त्यांनी चित्राहुती घातली आणि जेवले. सासूबाईंनी तिच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. दोन दिवस केळी आणि शेंगदाणे. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या आल्या, पाट ओढून बसल्या. वासंतीनं भाकरी वाढली, वरण वाढलं.

सासूबाईंनी एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, "वरणात मीठ कमी आहे."

वासंतीनं मिठाची वाटी उचलली आणि आपल्या हातानं त्यांच्या ताटात मीठ वाढलं. त्यांनी ते कालवलं आणि ताट स्वच्छ केलं.