भर मे महिन्यात आणलेला पूर

आकाशात ढगाचा ठिपकाही नसताना, भर मे महिन्यात, तुम्ही कधी स्वतःच्या बिल्डिंगमध्ये पूर आणला आहे का? मी आणला आहे.

माझं नाव क्रांती. (बाबांनी ठेवलं. ते रेल्वेच्या युनियनमध्ये होते. आमच्याकडे शाळेच्या डब्यातल्या पोळ्यासुद्धा जुन्या पत्रकांत गुंडाळलेल्या असायच्या.) आम्ही चेन्नईत, वेलचेरीला राहतो. बिल्डिंगमध्ये फ्लॅट बत्तीस, आणि सगळ्यांत मिळून मातीचा तुकडा एकच. त्यात एक कडुनिंब, चार जास्वंदी आणि बाबांची खुर्ची. तिथे फरशा घालून पार्किंग वाढवायचं, असं आमचे सेक्रेटरी रंगनाथन मामा यांनी ठरवलं.

"बाग करपलीय, मा," ते मला म्हणाले. "रविवारच्या मीटिंगपर्यंत हिरवी करून दाखव. नाहीतर सोमवारी फरशा!"

मी तडक पत्रक काढलं. "फिल्टरमधून वाया जाणारं पाणी, एसीचं ठिबकणारं पाणी, तांदळाचं धुवण, सगळं मातीला! कुणाची वाट पाहू नका! रविवारी पहाटे उठा आणि शेवटच्या थेंबापर्यंत ओता!" तमिळ भाषांतर तिसऱ्या मजल्यावरच्या मैथिली मामींनी केलं.

"अगं, पाळ्या लाव," बाबा म्हणाले. "आज पहिला मजला, उद्या दुसरा."

"पाळ्या म्हणजे हुकूमशाही! जनतेवर विश्वास ठेवा, बाबा!"

बाबांनी जनतेबरोबर तीस वर्षं काम केलं होतं. ते बागेतली आपली खुर्ची उचलून घरात घेऊन आले.

रविवारी पहाटे जनता उठली. अख्खी! शेजारचे काही उठायचे नाहीत, अशी प्रत्येकाची खात्री होती, त्यामुळे प्रत्येकाने शेजाऱ्यांच्या वाट्याचंही ओतलं. करपून दगड झालेली माती एवढं पाणी एकदम पिईना. मैथिली मामी आठवडाभर साठवलेला ड्रम लिफ्टमधून घेऊन आल्या.

"मामी, बास! बास!"

"शेवटच्या थेंबापर्यंत! भाषांतर मी केलंय, मला शिकवू नकोस!"

ड्रम आडवा झाला आणि पाणी बाग सोडून पार्किंगमध्ये, गाड्यांच्या चाकांखाली शिरलं. नेमके तेव्हाच बाबा दूध घेऊन परतले. आता, वेलचेरी दर मोठ्या पावसात बुडते; इथे पाणी दिसलं की माणूस कारण विचारत नाही. किल्ली शोधतो आणि गाडी नेऊन फ्लायओव्हरवर उभी करतो. बाबांनी दुधाची पिशवी माझ्या हातात कोंबली आणि गाडी काढली. त्यांना पाहून रंगनाथन मामा वेष्टी, म्हणजे त्यांचं लुंगीवजा धोतर, सावरत निघाले. मामांना पाहून सगळी बिल्डिंग! आम्हाला पाहून शेजारची बिल्डिंगही!

मी पिशवी घेऊन फ्लायओव्हरपर्यंत मागे धावले. "बाबा, ऊन पडलंय!"

"मागच्या पुराच्या आदल्या दिवशीही ऊनच होतं!"

फ्लायओव्हरवर गाड्यांची रांग लागली. एका अनोळखी गृहस्थांनी बाबांना विचारलं, "सार, या सायक्लोनचं नाव काय?"

बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात ते कधी खोटं बोललेले नाहीत.

"क्रांती," ते म्हणाले.

दहा वाजता मंडळी घामाघूम होऊन, एकमेकांची नजर चुकवत परतली. तोवर बागेतली माती सगळं पाणी पिऊन गार झाली होती. पार्किंगच्या फरशीवर मात्र अजून घोटाभर पाणी होतं, आणि त्यात रंगनाथन मामांची चप्पल तरंगत होती.

"मामा," मी म्हणाले, "माती बघा आणि फरशी बघा."

मामांनी माती पाहिली. फरशी पाहिली. चप्पल जरा जास्तच वेळ पाहिली. मग म्हणाले, "सरी, ठीक आहे. माती राहू दे."

माझ्या पत्रकाने नाही, माझ्या मूर्खपणाने बाग वाचली! त्या दिवशीच्या मीटिंगमध्ये पहिला ठराव बाग राखण्याचा झाला, आणि दुसरा एकमताने: क्रांतीने यापुढे एकही पत्रक काढायचं नाही. (पहिला हात बाबांचा.)

तेव्हा एक विनंती. येत्या रविवारी सकाळी आमच्या बागेत काम करायला या. खुरपं आणा, बादली आणू नका. आणि गेटवर मामांनी हटकलंच, तर छातीठोकपणे सांगा, की तुम्ही वाचलंत ते पत्रक नव्हतं, नुसती एक आठवण होती.