मास्तरांचा हिरवा झगा

मास्तर शाळेतले नव्हेत, शिंपीकामातले. चाळीस वर्षं कातर चालवली, पण "रंग चुकला" म्हणायची कुणाची छाती झाली नाही. गिऱ्हाइकाने कापड दाखवावं आणि यांनी नुसत्या नजरेने जुळता दोरा काढावा. वर म्हणायचं, "देवाने डोळे दिलेत, माझं त्यात काय?"

रविवारी भाचा आला तो एक खोकं घेऊन. लहानपणी हा आईसोबत मामाकडेच वाढलेला, आता चाळिशीला टेकलेला. खोक्यात त्या वेळच्या उडत्या वीराच्या कार्टूनच्या डिस्क होत्या.

"मामा, आठवतं? भाड्याच्या कॅसेटी आणून बघायचो."

"न आठवायला काय झालं? तुझ्या वेशभूषेच्या स्पर्धेसाठी कॅसेट थांबवून थांबवून झग्याचा रंग जुळवला होता मी. तसा हिरवा मिळेना, म्हणून कापड दोनदा रंगवलं."

शेजारी मटार सोलणाऱ्या बहिणीचे, भाच्याच्या आईचे, हात थांबले. तेवढ्यात भाच्याने डिस्क लावली आणि नव्या टीव्हीवर वीर गच्चीवरून झेपावला. पाठीवर झगा फडफडत होता. लालभडक.

मास्तरांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "हा टीव्ही बिघडलाय."

"हा नाही, दादा, आपला जुना बिघडलेला होता," बहीण हळूच म्हणाली. "त्यातले रंग कधीच फिरले होते, लाल ते हिरवं दिसायचं. घेतलाच होता कुणाचा तरी वापरलेला. तेव्हा आपल्याला काय कळणार?"

मास्तर भाच्याकडे वळले. आयुष्यातलं सगळ्यात चोख काम म्हणून ज्याची फुशारकी मारली, तेच चुकलं होतं. आणि ते पोराच्या पाठीवर.

"बाकीची पोरं लाल झग्यात होती?"

"सगळी."

"तुला काय म्हणाली?"

"पालेभाजी. वर्षभर."

"मग घरी येऊन सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही दारातच विचारलंत, रंग बरोबर जमला ना? तुमचं तोंड बघून हो म्हणालो."

मास्तर उठले, खुंटीवरची मापाची टेप घेतली आणि भाच्याच्या खांद्याला लावली. "उभा राहा नीट. नवा शिवतो."

"या वयात? बायको घराबाहेर काढेल."

"झगा पाठीवर असतो, पोट आत ओढू नकोस," बहीण म्हणाली.

मास्तरांनी माप लिहून घेतलं. पेन्सिल कानामागे खोचली, मग पुन्हा काढली. एवढ्या वर्षांत गिऱ्हाइकाला जे कधी विचारलं नव्हतं, ते आज विचारलं.

"रंग तूच सांग बाबा."

भाच्याने टीव्हीकडे पाहिलंही नाही. "हिरवा," तो म्हणाला. "तोच, दोनदा रंगवलेला."