पद्मावतीबाईंचे पाळणे

पद्मावतीबाई रंगूनच्या मराठी वस्तीत सुईण होत्या. बाळंतपण झालं की बारशाचा पाळणाही त्याच रचायच्या आणि त्यात बाळाच्या घराण्याची नावं गुंफायच्या. १९४२ साली, रंगूनवर बॉम्ब पडल्यावर, आईबाप गमावलेली चार मुलं घेऊन त्या डोंगरवाटेनं चालत निघाल्या. बंगळुरात, बसवनगुडीतल्या दोन खोल्यांत त्यांनी चौघांना वाढवलं. चौघंही शाळेत माझ्या हाताखाली शिकली.

त्यांतला दामोदर फिटर झाला. १९५८ साली शेजारच्या हणमंतरावांच्या कावेरीशी त्याचं लग्न ठरलं. मांडवात वराच्या वडिलांचं, आजोबांचं, पणजोबांचं नाव तीनदा उच्चारतात. दामोदरला वडिलांचं, रघुपतींचं नाव तेवढं ठाऊक होतं.

"देवांची नावं घालू," बोलणी करायला आलेले भटजी म्हणाले.

"सरी, तसं करूया," हणमंतराव म्हणाले. घराणं तीनशे वर्षं बंगळुरातलं, पण माणूस मोकळा.

दामोदर मान खाली घालून म्हणाला, "देव नकोत. माझी माणसं हवीत."

"तुझ्या पाळण्यात घातली होती रे मी," पद्मावतीबाई म्हणाल्या. "रंगून सोडल्यापासून एकही पाळणा म्हटला नाही."

"मग म्हणा की, मावशी."

"नुसतं बसून येत नाही. हाताला दोरी लागते."

हणमंतरावांच्या ओसरीवर झोपाळा होता. बाईंनी त्याच्या कडीला दोरी बांधली आणि बावीस वर्षांच्या दामोदरला वर बसवलं.

"लग्नाआधीच जावयाला झोके," हणमंतराव म्हणाले. "स्वल्प हळू ओढा, अक्का. कडी जुनी आहे."

पहिले काही झोके नुसतं गुणगुणणं. मग हात ठेक्यात पडला, डोळे मिटले आणि शब्द आले:

विसाजीचा पणतू, शिवरामाचा नातू,
जो बाळा जो जो, दामोदर तू.

दामोदर उतरेना. शेवटी हेमलता, चौघांतली धाकटी, त्याला म्हणाली, "ऊठ ना. आता मी बसते."

त्या संध्याकाळी चारही पाळणे निघाले. बाईंनी ते लिहू दिले नाहीत. तोंडपाठ करून घेतले, आणि माझ्यापेक्षा कडकपणे.

लग्नात भटजींनी विचारलं तेव्हा दामोदरनं तिन्ही नावं मांडवाबाहेर ऐकू जातील अशी सांगितली. मागे अक्षता घेऊन बसलेल्या पद्मावतीबाईंची मूठ पुढेमागे हलत होती.