पाच जणांनी लिहिलेलं कुंड

आम्ही पाच जण मिळून भटकंतीचा एक ब्लॉग चालवतो. पाचही पाच गावचे, एकमेकांना कधी भेटलेलो नाही, आणि बहुधा म्हणूनच टिकलोय. लेख एका सामायिक फाइलमध्ये लिहायचा, प्रत्येकाचा रंग वेगळा. मी हिरवी. नियम एकच: पाचही जणांच्या संमतीशिवाय काही खोडायचं नाही.

आमचा सर्वांत गाजलेला लेख पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीच्या झऱ्यावरचा. निळ्याने कुणाचा तरी फोटो पाहून 'कुंड' लिहिलं. लालने 'स्वच्छ' जोडलं, जांभळीने 'पोहण्यास योग्य', केशरीने 'टॉवेल न्यावा'. 'गावकरी अगत्यशील' हे माझं. गेलं कोणीच नव्हतं. मग लेखाखाली प्रतिक्रिया आली: 'ते पानी आमी पितो. पवू नका.' निळ्याने त्यावर बदाम टाकला. मला ते खुपत राहिलं आणि एप्रिलच्या एका शनिवारी मी पुण्याहून दुचाकी काढली.

भोरमार्गे वरंधा घाट. निघण्याआधी घाट चालू आहे का ते विचारा, पावसाळ्यात अनेकदा बंद असतो. वरंधला चहा घेतला, महाडच्या बाजारात मिसळ खाल्ली; तिच्यात तिखटापेक्षा तेल जास्त होतं. पुढे पोलादपूर, मग कापडे. तिथे गाडी लावून चढ. लेखात केशरीने 'वीस मिनिटांची रमतगमत चाल' लिहिलंय. मला सव्वा तास लागला, आणि तो सगळा वेळ मी केशरीला मनातल्या मनात शिव्या देत होते.

आमचं पोहण्याचं कुंड परातीएवढं निघालं. कातळातून पाण्याची करंगळीएवढी धार, आणि पुढे हंड्या-कळश्यांची रांग. प्रत्येक घराची पाळी ठरलेली. माणूस शेतावर गेला तरी त्याचा हंडा रांगेत उभा असतो आणि त्याला कोणी हात लावत नाही. माझी बाटली मी पुढे केली, तेव्हा वाटीने पाणी भरणाऱ्या सुनंदा वहिनींनी ती उचलून रांगेच्या शेवटी ठेवली.

"गेल्या रविवारी सात जन आलंवतं," त्या म्हणाल्या. "पाय धुतलं ह्यात. माझी पाळी व्हती. दुपारपर्यंत गढूळ."

"तुम्ही बोलला नाहीत?"

"बोलले की. तर मोबाईल दाखवला. बोललं, हितं लिवलंय."

ते लिहिणाऱ्यांपैकी एक मीच, हे सांगताना मला खरोखर लाज वाटली. वहिनी रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "मग पुसा."

रेंज फक्त देवळाच्या पायरीवर. तिथून मी 'पोहण्यास योग्य' खोडण्याचा प्रस्ताव टाकला. लाल म्हणाला, मतदान घेऊ. जांभळीला वाचकसंख्येची काळजी. केशरीने संमतीचा अंगठा टाकला. निळा म्हणाला, 'तू खरंच गेलीस? भारी! फोटो टाक.'

"किती जनांचं मत लागतं?" वहिनींनी विचारलं.

"पाच."

"आनि पानी पितं कोन?"

वहिनींनी माझ्याकडे पाहून मान हलवली, स्वतःचा फोन काढला आणि वाडीच्या ग्रुपवर आवाज पाठवला. त्या ग्रुपवर सगळे मुंबईला कामाला गेलेले. "आरे पोरांनो, झऱ्यावर साप सोडा रे."

वहिनींकडे तांदळाची भाकरी आणि कुळथाची पिठी खाऊन मी परत पायरीवर आले, तोवर आमच्या लेखाखाली नऊ प्रतिक्रिया होत्या. एका टॅक्सीवाल्याने नाग पाहिला होता. एका वॉचमनचा मावसभाऊ थोडक्यात वाचला होता. एकाने तर फोटोच टाकला होता, कुठल्या देशाचा साप देव जाणे. संमती वगैरे कोणी मागितली नाही.

घरी येऊन आठवडा झाला. 'पोहण्यास योग्य' खोडायच्या मतदानात पाचपैकी अजून दोघांचीच संमती, दोघांचा विरोध; निळा 'विचार करतोय'. दरम्यान त्याने निळ्या अक्षरांत नवी ओळ घातली: 'येथे मी स्वतः सात फुटी नाग पाहिला आहे.' हा गृहस्थ नाशिकबाहेर पडल्याचं मला ठाऊक नाही. खरं तर मी हरकत घ्यायला हवी होती. घेतली नाही.

रविवारी वहिनींचा आवाज आला: "आज कोन नाय आलं गो. हंडा चांगला भरला."

हा दुसरा ब्लॉग माझा एकटीचा, म्हणून इथे खरं ते लिहिलं. वाडीचं नाव मात्र लिहिलेलं नाही, आणि प्रतिक्रियांत विचारू नका. तरीही कोणी शोधून काढलंच, तर सांगून ठेवते: झऱ्यावर साप आहे. मी स्वतः पाहिलाय.